नवऱ्याची म्हातारी कुत्री आणि घरातले नवे नियम

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. लग्न झाल्यावर सहा महिन्यांपूर्वी तुम्ही कोल्हापुरात नागाळा पार्कात दाजींच्या घरी राहायला आलात. तिथं आधीपासून दोन कुत्री आहेत, 9 वर्षांचा लॅब्राडोर ब्रूनो आणि 11 वर्षांची पॉमेरियन चिंगी. दोघांनाही कधी काही शिकवलेलं नाही. ब्रूनो जेवताना ताटात तोंड घालतो, सोफ्यावरून उठवायला गेलं की तुमच्यावर गुरगुरतो. चिंगी रात्री तुम्हा दोघांच्या मध्ये झोपते आणि अलीकडे हॉलमध्ये शू करायला लागलीय. पाहुणे आले की दोघंही अंगावर उड्या मारतात. तुम्ही रागावलात की दाजी म्हणतात, "असू दे की, म्हातारी झाल्यात ती. किती दिवस राहिलेत त्यांचे?" तुम्ही विचारताय, या वयात त्यांना शिस्त लागेल का, आणि घरात बॉस कोण हे दाखवायला तुम्ही कडक वागायला हवं का.

शिस्त लागेल. कडक वागू नका. मात्र एक अट आहे, आणि ती तुम्हा दोघांना लागू आहे. जो नियम तुम्हाला आणि दाजींना रोज, न चुकता पाळता येणार नाही, तो करूच नका. कुत्र्यांना शिकवायचं काम मी कोल्हापूर आणि आसपास बरीच वर्षं करतोय. तुमच्यासारख्या घरांत गेलं की कुत्र्यांपेक्षा माणसांशीच जास्त बोलावं लागतं. एकानं वर्षानुवर्षं चालवलेलं घर आणि दुसऱ्याला राहता येईल असं घर, यात काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरलेलं नसतं. ते ठरेपर्यंत ब्रूनोला कितीही शिकवलं तरी पुढच्या रविवारी सगळं जागच्या जागी.

पण त्याच्याही आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. कुत्रं म्हातारं असेल तर मी घरी जायच्या आधी हेच सांगतो.

चिंगीचं शू करणं हा शिस्तीचा प्रश्न आहे असं मी आत्ता धरणार नाही. म्हातारी मादी अचानक घरात शू करायला लागली तर लघवीचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, किडनीचा आजार यांतलं काहीही असू शकतं. गर्भाशय काढलेल्या माद्यांना वय झाल्यावर झोपेत थेंब थेंब लघवी होते, तिचं तिलाही कळत नाही. त्यासाठी तिला रागावणं म्हणजे निव्वळ अन्याय. सकाळची पहिली लघवी तपासायला न्या. ती पकडायची कशी हा प्रश्न सगळ्यांना पडतो: उथळ पळी लांब काठीला बांधायची, ती खाली बसली की मागून हळूच सरकवायची, मग स्वच्छ डबीत ओतायचं. एक दिवस तिचं पाणीही मोजा. वजनाच्या किलोमागे दिवसाला 100 मिलीच्या वर पाणी पीत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे सुरू कधी झालं तेही आठवून बघा. पावसाळ्यात झालं असेल तर कारण साधं असू शकतं. आपल्याकडं जून-जुलैत पाऊस लागला की थांबत नाही, आणि म्हातारं लहान कुत्रं ओल्या गवतात पाय ठेवायला तयार नसतं. ते दारापर्यंत जातं, परत फिरतं आणि हॉलच्या कोपऱ्यात मोकळं होतं. अशा घरांना मी मागच्या बाजूला पत्र्याखाली मातीचा एक कोरडा वाफा करून देतो. हॉलमधली जागा नुसत्या फिनाइलनं पुसू नका. आपल्या नाकाला फिनाइलचा वास येतो, चिंगीच्या नाकाला त्याखालचा लघवीचा वास येतच राहतो आणि ती पुन्हा तिथंच जाते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरा.

ब्रूनोचं गुरगुरणंही आधी डॉक्टरांना दाखवायचं. लॅब्राडोरला खुब्याचं आणि कोपराचं दुखणं या वयात सर्रास असतं. तो उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं अंग ओढतो का? जिना चढायच्या आधी थांबतो का? फिरून आल्यावर पुढच्या पायाचा सांधा चाटत बसतो का? असं असेल तर तुम्ही पट्टा धरून सोफ्यावरून ओढता तेव्हा त्याला दुखतं, आणि तो एवढंच सांगतो. आजकालच्या गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात, ती घसरायला भितात. सोफा ही हॉलमधली एकमेव न घसरणारी जागा असेल तर तो सोडेल कशाला? सोफ्यापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या किंवा काथ्याची पायपुसणी टाकून बघा. तेवढ्यानंच खाली उतरणारी कुत्री मी पाहिलीत. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात देऊ नका. कुत्र्यांना त्यांनी विषबाधा होऊ शकते. डॉक्टर कुत्र्यांसाठीचं वेगळं औषध देतात.

आता 'बॉस कोण' याबद्दल. तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की आधी आपण जेवायचं मग त्यांना द्यायचं, दारातून आधी आपण जायचं, गुरगुरला की उलथा पाडून दाबून धरायचं. या सल्ल्याचं मूळ लांडग्यांच्या जुन्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेला अभ्यास 1947 साली प्रसिद्ध झाला. त्यात म्होरकेपणासाठी झगडणारे लांडगे दिसले, कारण पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या जनावरांना निघून जायला जागाच नव्हती. पुढं अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या लिखाणातून ही कल्पना जगभर पसरली, आणि त्याच मेक यांनी 1999 साली जंगलातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. 9 वर्षांच्या, कदाचित सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला दाबून धराल तर तो चावेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

मग ब्रूनो ऐकत का नाही? ताई, तो त्या घरात 9 वर्षं रोज शिकतोय आणि पक्कं शिकलाय. दाजी जेवायला बसले की डाव्या हाताला जाऊन बसायचं, मांडीवर हनुवटी ठेवायची, एवढ्यानं नाही झालं तर एकदा भुंकायचं. मग भाकरीचा तुकडा येतो. रोज येत नाही. कधी येतो, कधी येत नाही, आणि सवय इतकी घट्ट होण्याचं कारण नेमकं तेच आहे. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की जनावराला लवकर कळतं. कधीकधी मिळणारी बंद झाली तर कळतच नाही, कारण न मिळणारे दिवस त्याला सवयीचेच असतात. रंकाळा तलावावर गळ टाकून बसलेला माणूस मासा लागला नाही म्हणून पाच मिनिटांत उठत नाही, तसंच हे.

म्हणून "आजच्या दिवस असू दे की" हे वाक्य तुमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण आहे. तुम्ही सहा दिवस ब्रूनोला टेबलापासून लांब ठेवलं आणि सातव्या दिवशी दाजींनी हाडाचा तुकडा खाली सोडला, तर नियम सहा दिवस पाळला असं होत नाही. थांबलं की मिळतं, हे तो शिकतो.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही घाबराल. तुकडा द्यायचा पूर्ण बंद केलात की सुरुवातीला त्याचं भुंकणं वाढेल. पंजा मारेल, ताटाकडं उडी घेईल. शिकवणी फसतेय असं वाटायला लावणारा हाच काळ असतो, आणि खरं तर ती लागू पडायला लागलेली असते. बहुतेक घरं इथंच हार मानतात. इथं हार मानलीत तर जास्त जोरात भुंकल्यावर मिळतं हा नवा धडा त्याला मिळतो.

तर आता दोघांनी बसा. कुत्री घरात नसताना बसा, किंवा त्यांना फिरवताना बोला. तुम्हाला ज्या गोष्टींचा त्रास होतो त्या सगळ्या सांगा, आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न विचारा: रात्री साडेअकराला दमून आल्यावरही दाजी हे पाळतील का? उत्तर नाही असेल तर तो नियम सोडून द्या. खरंच सोडा, मनात धरून ठेवू नका. दाजींनाही काही सोडावं लागेल. ती कुत्री त्यांच्या एकटेपणात त्यांच्याजवळ होती, त्यांना वाटणारी माया खोटी नाही. पण तुम्हीही त्या घरात राहता, आणि स्वतःच्या सोफ्यावर बसायला भीती वाटणं हे कुणीही सहन करायची गोष्ट नाही.

तुमच्या ठिकाणी मी असतो तर तीन नियम घेतले असते. जेवताना दोन्ही कुत्री आपापल्या सतरंजीवर. बेल वाजली की दोघं आतल्या खोलीत. सोफ्यावरून हात लावून कुणालाही उठवायचं नाही, बोलावून उतरवायचं. पट्ट्याला ओढणं, दूधवाल्यावर भुंकणं, चपला पळवणं हे सगळं नंतर. काही कधीच जमलं नाही तरी बिघडत नाही.

बेडचं तुम्हा दोघांवर आहे. कुत्र्यानं बेडवर झोपण्यात मुळात वाईट काही नाही, कुत्रं निरोगी असेल, गोचिड नसतील आणि दोघांची हरकत नसेल तर. पण तुमची हरकत आहे, आणि झोप ही तडजोड करायची गोष्ट नव्हे. 11 वर्षांच्या चिंगीला एकदम खोलीबाहेर काढून दार लावू नका, रात्रभर रडेल. दाजींच्या बाजूला, बेडला टेकून तिचं अंथरूण घाला, त्यात दाजींचा वापरलेला शर्ट ठेवा. ती वर चढली की दाजींनी न बोलता उचलून खाली ठेवायचं आणि हात तिच्या पाठीवर ठेवायचा. पहिल्या रात्री पुष्कळदा ठेवावं लागेल. तुम्ही मात्र तिला उतरवू नका.

हा मुद्दा सगळ्याच नियमांना लागू आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. काही काढून घ्यायचं काम दाजींचं, काही द्यायचं काम तुमचं. तुम्ही घरात आलात आणि त्यानंतर बेड गेला, सोफा गेला, तुकडा गेला, असं कुत्र्यांच्या अनुभवात बसलं तर तुम्ही दिसल्या की त्यांचं अंग ताठ होईल. म्हणून संध्याकाळचं जेवण तुम्ही वाढा. फिरायला न्यायची पिशवी तुम्ही हातात घ्या. सकाळी रंकाळ्यावर फार गर्दी असेल तर गल्लीतच एक फेरी मारा, पण चिंगीला हवं तिथं हुंगू द्या. म्हाताऱ्या कुत्र्याला अंतरापेक्षा वास जास्त हवे असतात. भर पावसात बाहेर पडता येत नसेल तर गोणपाटाच्या घड्यांत थोडं खाणं लपवा आणि शोधू द्या, पंधरा मिनिटांत थकतात.

जेवणाचा नियम कसा बसवायचा ते नीट सांगतो, कारण बाकीचे याच पद्धतीनं बसतात.

सुरुवात जेवणाच्या वेळी करू नका. दुपारी, घरात शांतता असताना, टेबलापासून सात-आठ फुटांवर भिंतीला लागून सतरंजी पसरा. तिथून त्याला तुम्ही दिसायला हव्यात. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून वाटीत घ्या. एक तुकडा सतरंजीवर टाका. ब्रूनो येईल, खाईल, तुमच्या हाताकडं बघेल. हातातून देऊ नका. दुसरा तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये, सतरंजीवरच ठेवा. तो उभा असेल तर एक, बसला तर दोन, पोटावर टेकला तर सावकाश एकामागून एक. उतरून तुमच्याकडं आला तर काहीच नाही, रागावणंही नाही. दोन-तीन मिनिटांत थांबा आणि सतरंजी गुंडाळून ठेवा. दोघांना एकत्र शिकवू नका, एक दाराआड राहू दे.

सतरंजी दिसताच तो धावत येऊन आडवा व्हायला लागला की मग "जागेवर" म्हणा आणि हातानं दाखवा. हाताची खूण आवर्जून शिकवा, या वयात ऐकू कमी येतं आणि आपल्याला वाटतं मुद्दाम ऐकत नाही. त्यानंतर रिकामं ताट घेऊन टेबलाशी बसा, उठा, त्याला तुकडा ठेवा, परत बसा. मग चहा-बिस्किटं. मग साधं जेवण. रविवारचं मटण सगळ्यात शेवटी, कारण रश्श्याच्या वासात शांत पडून राहणं हे ब्रूनोसाठी फार अवघड काम आहे. दिवसभरात जेवढे तुकडे दिले तेवढं जेवण कमी करा, जाड लॅब्राडोरच्या सांध्यांवर आधीच भार असतो.

हे पक्कं होईपर्यंत रोजच्या जेवणाच्या वेळी त्याला ताटाजवळ यायची संधीच देऊ नका. लहान मुलांसाठी दारात लावतात ते जाळीचं फाटक लावा, पलीकडं त्याचं भांडं ठेवा, तोही तेव्हाच जेवू दे. बेल वाजल्यावर दोघांना आत घ्यायलाही हेच फाटक लागेल. पाहुणे बसले, चहा झाला, कुत्री शांत झाली की पट्टा लावून एकेकाला बाहेर आणा. गणपतीत घरात माणसांची रीघ असते आणि बाहेर मिरवणुकीचा आवाज, तेव्हा हा प्रयोग नको. त्या दिवशी त्यांना मागच्या खोलीत, पंखा आणि टीव्ही लावून ठेवा.

दाजींच्या हातालाही काम द्यायला हवं. त्यांना नुसतं देऊ नका म्हटलं तर जमणार नाही, इतक्या वर्षांचा हात आहे तो. फ्रिजमध्ये एक डबा ठेवा, त्यात कुत्र्यांसाठी उकडलेलं चिकन आणि भाकरी. जेवण झालं, ताटं उचलली, की दाजींनी तो डबा काढून सतरंजीवर दोघांना द्यायचं. माया तीच, फक्त जागा आणि वेळ बदलली. रस्सा मात्र त्या डब्यात नको. कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. मटणाची शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात आणि घशात किंवा आतड्यात अडकतात. मनुका-बेदाणेही नकोत, किडनीला धोका असतो.

गुरगुरण्याबद्दल शेवटचं. तो गुरगुरला की थांबा, नजर बाजूला वळवा, मागं सरका. त्याला गुरगुरल्याबद्दल मारू नका, ओरडू नका. गुरगुरणं हा इशारा असतो, आणि तो मार खाऊन बंद झाला तर पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतो. सोफ्यापासून चार पावलं लांब उभं राहून वाटी वाजवा, तो उतरला की सतरंजीवर तुकडा टाका. तो उतरल्यावर लगेच सोफ्यावर जाऊन बसू नका, नाहीतर ही फसवणूक आहे हे त्याला दोन दिवसांत कळेल. कधी त्याला परतही चढू द्या. उतरण्यात तोटा नाही हे त्याला पटायला हवं.

चावलाच, अगदी ओरखडा आला तरी, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात गेलात तरी चालेल. घरचं कुत्रं आहे, लस झालीय, म्हणून घरी बसू नका. दोघांची रेबीजची वार्षिक लस कधी झाली ते कार्डावर आजच बघा. चावण्यापर्यंत गोष्ट गेली, किंवा घरात लहान मूल येणार असेल, तर वरचं वाचून स्वतः करत बसू नका, प्रत्यक्ष घरी येऊन बघणारा माणूस बोलवा. त्यानं आल्या आल्या साखळी आवळली किंवा काठी मागितली तर त्याला परत पाठवा.

किती दिवस लागतील हे घराघरावर असतं. दुखणं किती आहे, कान-डोळे किती शाबूत आहेत, दाजी किती साथ देतात, यावर ते ठरतं. सतरंजीवर आडवं व्हायला म्हातारी कुत्री सहसा लवकर शिकतात, पिल्लांपेक्षा लवकर, कारण त्यांना तसंही पडूनच राहायचं असतं. ताटाचा मोह सुटायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. चिंगीच्या लघवीचा रिपोर्ट आणि ब्रूनोच्या सांध्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. औषध सुरू झालं तर पहिले काही दिवस त्याला काहीच शिकवू नका, फक्त संध्याकाळचं जेवण तुमच्या हातून द्या.